एका गोलाचे सामने आणि शेवटची पंधरा मिनिटे

प्रश्न वेंगुर्ले-सावंतवाडी पट्ट्यातल्या एका क्लबचा संघ सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: संघ गुणी. दुबळ्या संघांना चार-पाच गोल हसतखेळत मारतो. पण गेल्या मोसमातल्या ११ सामन्यांपैकी ७ अटीतटीचे झाले आणि त्यात एक विजय, एक बरोबरी, पाच पराभव. पाचही पराभव एका गोलाने, आणि त्यातल्या चार सामन्यांत तो गोल ७५व्या मिनिटानंतर बसला. गावात आता बोलले जाते की पोरे ऐनवेळी कच खातात. हे खरे का, आणि उपाय काय? सोबत त्यांनी दोन सामन्यांचे मोबाईलवर काढलेले चित्रण पाठवले आहे.

कच खाण्याचे आधी बघू, कारण पोरांच्या कानावर दिवसरात्र तेच पडत असणार. तुमच्या संघातली तीन-चार पोरे मच्छीमारी करतात असे तुम्ही लिहिले आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला दर्या पुरता शांत झालेला नसतो, तेव्हा पहाटे होडी बाहेर काढणाऱ्या पोराला ८०व्या मिनिटाच्या थ्रो-इनची धास्ती वाटते, हे माझ्या गळी उतरत नाही. दडपण येते हे खरे, पण ते समोरच्या अकरा जणांनाही येतेच. ‘काळीज लहान’ हे निदान लोकांना आवडते, कारण त्यावर काही करावे लागत नाही. चार शिव्या हासडल्या की उपचार संपला.

दुसरी गोष्ट नशिबाची. ती प्रशिक्षकांना ऐकायला आवडत नाही, तरी सांगतो. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. जगातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी अडीच ते तीन. त्यामुळे निम्म्याहून जास्त सामने बरोबरीत तरी सुटतात किंवा एका गोलावर तरी ठरतात. कबड्डीत चाळीस मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. तिथे चांगला संघ दहा चुका करूनही शेवटी वर येतो. इथे जांभ्याच्या खड्याला लागून एक टप्पा वेडावाकडा उडाला की सामना गेला.

आता तुमचाच हिशेब मांडू. बरोबरीचा सामना सोडला तर सहा निकाल उरतात, पाच विरुद्ध एक. सहा वेळा नाणे उडवले तर पाच किंवा सहाही वेळा काटा पडण्याची शक्यता ६४ मध्ये ७ असते, म्हणजे साधारण नऊत एक. समसमान ताकदीचे नऊ संघ एखाद्या स्पर्धेत असतील तर त्यातल्या एकाच्या वाट्याला असा मोसम कोणाचा काही दोष नसताना येऊ शकतो. तेव्हा नुसत्या पाच-एकवरून संघाची मोडतोड करू नका. गोलकीपर बदलला, कप्तान बदलला, देवाला गाऱ्हाणे घातले, आणि पुढच्या मोसमात निकाल आपोआप जरा सुधारले, की श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. हे मी अनेक क्लबांत होताना बघितले आहे.

पण तुमच्या पत्रातली दुसरी ओळ मला खटकली. पाचांपैकी चार पराभवांत गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत. शेवटाकडे गोल जास्त होतात हे सगळीकडेच आहे, पाय थकतात, जागा मोकळ्या होतात. तरीही चार म्हणजे जास्त झाले. म्हणून ते चित्रण दोनदा पाहिले. दुसऱ्या सामन्यातले ७८वे मिनिट तुम्हीही पुन्हा काढून बघा.

शून्य-शून्य आहे. आपल्या डाव्या बॅककडे, म्हणजे डाव्या कडेच्या बचावपटूकडे, थ्रो-इन आहे, आपल्याच अर्ध्यात, डीपासून (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनापासून) फार तर वीस मीटरवर. घाई कसलीच नाही. बॅक बॉल उचलतो आणि समोर पहिला दिसलेल्या दहा नंबरच्या हातात दिल्यासारखा पायात देतो. दहा नंबर तुमचा सर्वांत गुणी पोरगा. त्याच्या अंगावर दोघे येतात. एकाला तो चकवतो, छान चकवतो. आता या चार-पाच सेकंदांत कडेने काय ऐकू येते ते ऐका. एक जण ओरडतो, ‘भायर मार, भायर!’ दुसरा, ‘ठेव, ठेव!’ आणि तिसरा आवाज, बहुतेक तुमचाच, ‘फुडे, फुडे!’ पोरगा दुसऱ्यालाही चकवायला जातो, बॉल जातो, तीन पास, गोल. तोपर्यंत आपला डावा बॅक थ्रो टाकून ओव्हरलॅपला, म्हणजे कडेने आक्रमणात, पुढे धावलेला आहे, म्हणजे त्याच्या मते आपण आक्रमण करतो आहोत. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मागे सरकला आहे, त्याच्या मते आपण सामना धरून ठेवतो आहोत. दोघांच्या मध्ये जी जागा पडली तिथूनच शेवटचा पास गेला.

यात भ्याला कोण? कोणीच नाही. बॅकचा विचार चुकीचा नव्हता, स्टॉपरचाही नव्हता. फक्त दोघे एकाच वेळी दोन वेगळे सामने खेळत होते. आणि दहा नंबरने जे केले ते त्याने विसाव्या मिनिटालाही केले होते, तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. माझे सगळे उत्तर यातच आहे: तुमच्या संघाला फुटबॉल येतो, पण सामन्याच्या अमुक मिनिटाला, अमुक गोल झालेले असताना, आपण सगळे मिळून काय करायचे याचा ठराव झालेलाच नाही. ठराव नसला की प्रत्येक गुणी खेळाडू आपापल्या बुद्धीने सामना सोडवायला निघतो. जितके गुणी जास्त, तितकी उत्तरे जास्त. कमी कुवतीच्या संघात हा त्रास कमी असतो, कारण तिथे सगळ्यांना एकच गोष्ट येते, लांब मारायची.

आपल्या देशाच्या संघाचे एक जवळचे उदाहरण देतो, कारण ते दोन्ही सामने तुमच्या पोरांनी पाहिलेले असतील. ५ सप्टेंबर २०१९, गुवाहाटी, विश्वचषक पात्रता, भारत विरुद्ध ओमान. २४व्या मिनिटाला सुनील छेत्रीने गोल केला. त्याआधी उदांता सिंगचा एक फटका बारला लागून परतला होता. पहिला तासभर आपण चांगले खेळलो. मग हळूहळू मागे सरकत गेलो, बॉल पायात राहीना, आणि ८२व्या व ९०व्या मिनिटाला ओमानने दोन गोल करून सामना नेला. त्यानंतर पाचच दिवसांनी, १० सप्टेंबरला, दोहामध्ये कतारशी गाठ होती. कतार त्या वेळी आशियाचे विजेते. आजारी असल्याने छेत्री संघात नाही, कप्तानपद गुरप्रीतसिंग संधूकडे. कतारने भडिमार केला आणि सामना शून्य-शून्य सुटला.

प्रशिक्षक तोच, खेळाडूही बहुतेक तेच. पाच दिवसांत कोणाचे काळीज मोठे होत नसते. माझे मत असे आहे की दोहामध्ये पहिल्या शिट्टीपासून प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते आणि ते शेवटपर्यंत बदलले नाही. गुवाहाटीत २४व्या मिनिटाला काम बदलले. आघाडी घेतलेला संघ कसा खेळतो, दुसरा गोल शोधतो की पहिला राखतो, यावर अकरा डोक्यांचे एकमत व्हायला हवे होते, ते मैदानावर झालेले दिसले नाही.

यावर लोक चटकन म्हणतात, मग आघाडी मिळाली की सगळे मागे बोलवा. नको. त्याच वर्षी १४ जानेवारीला शारजामध्ये आशियाई चषकात बहारीनविरुद्ध आपल्याला बाद फेरीसाठी फक्त बरोबरी हवी होती. आपण जवळपास पूर्ण सामना आपल्या अर्ध्यात काढला. ९० मिनिटे शून्य-शून्य. भरपाई वेळेतल्या पहिल्या मिनिटाला प्रणय हलदरकडून डीमध्ये फाऊल झाला, पेनल्टी, गोल, आपण घरी. प्रणयला तेव्हा फार बोलणी बसली. मला त्याचा दोष थोडाच वाटतो. तासन्‌तास बॉल आपल्याच डीच्या तोंडाशी घोटाळत राहिला तर कधी ना कधी कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पायात जाणारच. आघाडी राखणे म्हणजे गोलसमोर माणसांची भिंत उभी करणे असे आपल्याकडे मानतात. खरे मोजमाप एकच: बॉल आपल्या गोलपासून किती मीटर लांब आहे.

उलटे टोकही बघून ठेवा. १९८२च्या विश्वचषकात, ५ जुलैला बार्सिलोनात, ब्राझीलला उपांत्य फेरीसाठी इटलीशी बरोबरी पुरेशी होती. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव. त्याहून गुणी मधली फळी शोधायला गेलात तर फार हिंडावे लागेल. फाल्कावने ६८व्या मिनिटाला दोन-दोन केले. त्यानंतरही ब्राझील पुढेच जात राहिला, ७४व्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गोंधळात पाओलो रॉसीने तिसरा घातला आणि ब्राझील बाहेर. या सामन्याबद्दल ‘सुंदर खेळ हरला’ असे हळहळत लिहिले जाते. मला तो सामना पाहताना दर वेळी वाटते की दोन-दोन झाल्यावर काय, हे कोणी कोणाला सांगितलेच नव्हते.

आता तुमच्या संघाकडे परत येतो, कारण कोकणातल्या संघांचे दोन गुंते खास आपले आहेत.

पहिला म्हणजे सोपे विजय. तुम्ही दुबळ्या संघांना चार-पाच गोल मारता. त्या सामन्यांत ४०व्या मिनिटाला निकाल लागलेला असतो, उरलेला वेळ पोरे नाचवानाचवी करतात. म्हणजे मोसमभरातल्या तुमच्या खऱ्या सरावाचा मोठा भाग ‘सामना जिंकलेला असताना कसे खेळावे’ याचाच होतो. तुमच्या शेजारचा मध्यम कुवतीचा संघ मात्र दर आठवड्याला एक-शून्य, एक-एक अशा चिखलातून जातो. त्याला शेवटची पंधरा मिनिटे ओळखीची झालेली असतात. घाटावर जाऊन कोल्हापूरच्या पेठांमधल्या संघांशी किंवा पलीकडे पेडणे-म्हापशाकडच्या संघांशी मैत्रीचे सामने मिळाले तर जरूर खेळा, तीन-शून्य हरलात तरी चालेल. गावातल्या स्पर्धेत दुबळ्या गटात पडावे म्हणून आयोजकांकडे खटपट करणे मात्र बंद करा. (तुम्ही करता असे म्हणत नाही. करणारे बरेच आहेत.)

दुसरा गुंता चाकरमान्यांचा. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून पोरे येतात, त्यातली दोघे-तिघे तिकडे चांगल्या क्लबात खेळलेली असतात, आणि साहजिकच त्यांना संघात घेतले जाते. न घेऊन सांगता कोणाला, त्यांच्या काकांनीच जर्सी दिलेल्या असतात. पोरे खरोखर चांगली असतात. पण वर्षभर इथे ओहोटीच्या वाळूवर घाम गाळणाऱ्या स्टॉपरला मुंबईच्या पोराची सवय ठाऊक नसते, की हा बॉल गेल्यावर मागे पळतो का तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मोकळ्या सामन्यात हे खपून जाते. एक-एक असताना ८३व्या मिनिटाला खपत नाही. माझा सल्ला: त्यांना घ्या, पण अटीतटीच्या सामन्यात शेवटी मैदानावर कोण राहील हे जमलेल्या जोड्या बघून ठरवा, नाव बघून नको. आणि आल्या दिवशी संध्याकाळी त्यांना बसवून आपला ठराव सांगा. पंधरा मिनिटांचे काम आहे.

ठराव म्हणजे काय, ते सांगतो. फार मोठा ग्रंथ नको. पोरांना तीन परिस्थिती पाठ असल्या की पुरे: एका गोलाने पुढे, बरोबरी, एका गोलाने मागे. प्रत्येकीत शेवटची पंधरा मिनिटे उरली असताना चार गोष्टींची उत्तरे आधी ठरलेली हवीत. आपल्या अर्ध्यातला थ्रो-इन कोण टाकेल आणि कुठे टाकेल. गोल किक छोटी की लांब, लांब तर कोणाच्या डोक्यावर. दोन्ही बॅकपैकी कोण पुढे जाऊ शकतो, की कोणीच नाही. आणि बॉल मिळाल्यावर पहिली नजर कुठे, कॉर्नरच्या झेंड्याकडे की गोलकडे. पुढे असाल तर झेंड्याकडे. मागे असाल तर गोलकडे, पण तेव्हासुद्धा स्टॉपरला फॉरवर्ड म्हणून धाडायचे मिनिट ठरवून ठेवा, मनाला येईल तेव्हा नको. बरोबरीचे उत्तर सर्वांत अवघड, कारण ते स्पर्धेवर अवलंबून असते: साखळीत एक गुण पुरतो का, बाद पद्धतीत टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींवरचा निकाल, आपल्याला परवडतो का. ते प्रत्येक सामन्याआधी सांगा. सांगितले नाहीत तर अकरा जण अकरा उत्तरे घेऊन उतरतील.

हा ठराव फळ्यावर लिहून मुरत नाही. सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, पंधरा मिनिटांचा सामना लावा आणि निकाल आधीच जाहीर करा: लाल संघ एक-शून्य पुढे, घड्याळ ७५. लाल संघाने गोल खाल्ला की लाल हरले, बरोबरी वगैरे काही नाही. मग बाजू बदला. हरणाऱ्यांनी जाळ्या आणि बॉल उचलून न्यायचे. पहिले दोन आठवडे भांडणे होतील, पंच म्हणून तुमची आईबहीण काढली जाईल. होऊ द्या. मुद्दाम एखादी चुकीची फ्री किकही द्या, कारण स्पर्धेतही मिळणार आहे, आणि त्या वेळी रेफ्रीशी हुज्जत घालण्यात तिघे गुंतले की मागे कोण उभे आहे ते पोरांना कळायला हवे. हा सराव आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी. एखाद्या दिवशी मोठ्या स्पर्धेआधी घेतलेला काही उपयोगाचा नाही.

आवाजाचेही ठरवा. तुमचा कप्तान फॉरवर्ड आहे, म्हणजे शेवटच्या पंधरा मिनिटांत ज्या ठिकाणी आग लागते त्याकडे त्याची पाठ असते. कप्तानाचा पट्टा त्याच्याकडेच राहू द्या, गावाची समजूत असते. पण ‘वर या’, ‘थांबा’, ‘बाहेर मारा’ हे तीन शब्द फक्त स्टॉपरने बोलायचे, बाकी कोणी नाही. कडेला उभे राहणाऱ्यांना आवरा, आणि आधी स्वतःला. पोराला बॉल पायात असताना तीन सूचना आल्या तर तो स्वतःच्या मनातली चौथी करतो.

आता पायांचे. चित्रणातला पहिला सामना मे महिन्यातला, दुपारी चारचा, आणि त्याच सकाळी तुम्ही एक सामना खेळलेला होता. कोकणातल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. घाटावरच्या कोरड्या उन्हापेक्षा पाय लवकर जड होतात. थकलेल्या खेळाडूचे डोके आधी जाते, पाय नंतर. थ्रो-इन घाईत टाकणे, माणूस सोडून बॉलकडे बघणे, ही थकव्याची पहिली लक्षणे. सकाळ-दुपार दोन सामने असतील तर मधल्या वेळात मटणवडे नकोत. भाताची पेज मीठ घालून, कोकम सरबत मीठ-साखर घालून, आणि सावली. पोरे ऐकत नाहीत, मोटारसायकलवरून बाजारात जातात. त्यांच्या चाव्या काढून घ्या.

बदली खेळाडू तुम्ही दोन्ही सामन्यांत ८०व्या मिनिटानंतर उतरवले. उशीर झाला. नियमाप्रमाणे आता पाच बदल करता येतात, खेळ सुरू असताना तीन खेपांत आणि शिवाय हाफ टाइमला. गावच्या स्पर्धेत आयोजकांचे वेगळे असते, ते आधी विचारून घ्या. ६०-६५व्या मिनिटाला दोन्ही कडांचे हाफ (मधल्या फळीतले कडेचे खेळाडू) बदलले तर सर्वांत जास्त फायदा होतो, कारण वेगाने सर्वांत जास्त धावणारे तेच. आणि आपल्याविरुद्ध कॉर्नर असताना बदल कधीही करू नका. नवा पोरगा आत येतो, त्याला कोणाला धरायचे ते कळत नाही, तेवढ्यात बॉल आत येतो.

कॉर्नरचा विषय निघालाच आहे तर: वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नरांत गोल साधारण तीनच होतात. म्हणून पोरे निर्धास्त असतात. पण अटीतटीच्या सामन्यात शेवटी कॉर्नरांची माळ लागते. १९९९च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात बायर्न म्युनिक ९०व्या मिनिटापर्यंत एक-शून्य पुढे होते. भरपाई वेळेत बेकहॅमच्या दोन कॉर्नरवर मँचेस्टर युनायटेडचे शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी दोन गोल केले. बायर्नचा मागची फळी सांभाळणारा लोथार मथेउस ८०व्या मिनिटालाच बाहेर बसलेला होता. तुमच्या संघात कॉर्नरला जवळच्या खांबावर कोण, हे दोन्ही सामन्यांत प्रत्येक वेळी वेगळे दिसले. एकच माणूस ठरवा. तो बाहेर गेला तर दुसरा कोण, तेही.

वेळ काढण्याबद्दल एक सूचना. २०२५-२६च्या मोसमापासून गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. आपल्याकडचे सगळे रेफ्री लगेच लावतील असे नाही, पण एखादा लावेल तो नेमका तुमच्या अंतिम सामन्यात. गोलकीपरला आठपर्यंत मोजायची सवय आतापासून लावा. जमिनीवर लोळून वेळ काढणे मला आवडत नाही, हा माझा सोवळेपणा म्हणा. शिवाय रेफ्री ती मिनिटे वाढवून देतो आणि पोरांची लय जाते ती वेगळीच.

टायब्रेकरबद्दल थोडक्यात. पेनल्टी साधारण चारांत तीनदा आत जाते, त्यामुळे इथे चमत्कार लागत नाही, गोंधळ टाळला की पुष्कळ. पाच नावे आणि क्रम सामन्याआधी लिहून खिशात ठेवा. शिट्टी वाजल्यावर ‘कोण मारतो रे?’ असे विचारू नका, कारण तेव्हा गुणी पोरे बुटाची नाडी बांधायला खाली वाकतात. प्रत्येकाने आपला कोपरा ठरवावा, शिट्टीनंतर एक श्वास घ्यावा, मग धावावे. गोलकीपर कुठे उडी मारतो याचा विचार नको.

कधी सुरुवात करायची? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत तुमची होडीवरची पोरे जमिनीवर असतात. मैदानात चिखल असेल. असू दे, थकल्या पायांनी निसरड्या जमिनीवर एक-शून्य राखायला शिकायला त्याहून चांगली जागा नाही. ऑगस्टमध्ये ती पुन्हा समुद्रावर गेली की आठवड्यातून दोन संध्याकाळी सगळे एकत्र मिळणे मुश्कील होते. मोसम दिवाळीनंतर तापतो, तोपर्यंत हे अंगात भिनलेले हवे.

शेवटी तुम्ही विचारले आहे की त्या दहा नंबरला शेवटची पंधरा मिनिटे बाहेर बसवू का. गावातले दोघे-चौघे तेच सुचवत आहेत म्हणता. मुळीच नको. त्याला पंचाहत्तराव्या मिनिटाला पुढे ढकला, एका बाजूच्या रेषेजवळ, आणि सांगा की आपल्या अर्ध्यात परत यायचे नाही, थ्रो-इन मागायला तर अजिबात नाही. बॉल त्याच्याकडे तिथे जाईल. तिथे त्याने दोघांना चकवले तर ते वैतागून फाऊल करतील आणि अर्धे मिनिट जाईल. तिसऱ्याने बॉल काढून घेतला तरी त्यांना आपल्या गोलपर्यंत यायला ऐंशी-नव्वद मीटर आहेत आणि मध्ये आपले नऊ जण उभे आहेत. विसाव्या मिनिटाला जे करून तो टाळ्या घेतो तेच त्याने ८५व्या मिनिटाला करायचे आहे, फक्त साठ मीटर पुढे. हे त्याला आधीच सांगा, एकट्याला, सरावानंतर, आणि का ते नीट समजावून. अशी पोरे हुशार असतात, कारण पटले की करतात. नुसते ‘फुडे रव’ म्हणून ओरडलात तर सात मिनिटांत तो पुन्हा डाव्या बॅकपाशी येऊन बॉल मागत असेल.